तिळाएवढा उजेड मोजणारं जनावर

आमच्या गावाकडे बकरी माजावर आली की सगळ्या आळीला कळतं. ओरडून ओरडून घसा बसतो तिचा, चाऱ्याला तोंड लावत नाही, शेपटी थांबत नाही. माय म्हणायची, "आज बोकड दाखवा, नाहीतर परवा आपोआप गप बसंल ते." आणि खरंच परवा ती गप बसायची. जनावराला माज येतो, तसा जातो. एवढं ज्ञान आणि आठवीत सुटलेली शाळा घेऊन मी लग्नानंतर वाशीम जिल्ह्यातून कोपरखैरण्याला आले. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात. मी सानपाड्याच्या एका जनावरांच्या दवाखान्यात झाडू-पोछ्याला लागले.

आज बारा वर्षांनी त्याच दवाखान्यात माझ्याकडे एकच काम आहे. फेरेटच्या माद्यांचा हंगाम सांभाळणं. हे काम आहे यावर माझ्या मायचा अजून विश्वास नाही. फोनवर विचारते, "काहून वं, त्यासाठी पगार देतात?"

फेरेट म्हणजे काय ते आधी सांगते. दिसायला मुंगसाच्या नात्यातलं वाटतं. लांबट, केसाळ, काळेभोर डोळे, आणि पाठीची कमान करून असं चालतं की सुरवंटाला पाय फुटलेत. परदेशात लोक फार पूर्वीपासून पाळतात. आता नवी मुंबईच्या फ्लॅटांतही आलंय. मोजे चोरतं, सोफ्याखाली नेऊन लपवतं, दिवसाचे पंधरा-सोळा तास झोपतं. थंड हवेतलं जनावर, त्यामुळे आपला मे महिना त्याला सोसत नाही. एसी बंद पडला तर दुपारभरात जीव जातो. म्हणून माझ्या पिशवीत मोज्यात घातलेली बर्फाची बाटली कायम असते.

पण खरी गोष्ट मादीची. तिला माज आला की तो जात नाही.

पहिल्यांदा मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. त्यांनी मला थर्मामीटर वाचायला शिकवलं, इंग्रजी औषधांची नावं देवनागरीत लिहून पाठ करायला लावली, आणि एकदाही आठवी काढली नाही. त्या म्हणाल्या, "वंदना, हिला नर मिळाला नाही तर ही महिनोन् महिने माजावरच राहते. नराने धरल्याशिवाय हिचं बीज सुटतच नाही. आणि माजाचा रस अंगात इतके दिवस राहिला की हाडांच्या आतलं रक्त बनणं बंद होतं."

"मग?"

"मग एक दिवस रक्त संपतं."

मी त्या रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "झोप आता." मला झोप कुठली? मनगटाएवढ्या जाडीचं जनावर, आणि त्याचं शरीर एखाद्याची वाट बघत बघत स्वतःचं रक्त आटवतं. बारा वर्षांत मी शेकडो वेळा हे लोकांना समजावलंय. अजूनही सांगताना अंगावर काटा येतो.

उपाय आहेत. इंजेक्शन आहे, कातडीखाली ठेवायची गोळी आहे, ऑपरेशनही आहे, पण त्याने पुढे दुसरी दुखणी मागे लागू शकतात म्हणून मॅडम प्रत्येकीचा वेगळा विचार करतात. ते सगळं त्यांच्या हातात. माझ्या हातात एकच गोष्ट, वेळेवर ओळखणं. मादी उलटी धरायची आणि निरण बघायचं. गाईम्हशीच्या त्या जागेला आपल्याकडे निरण म्हणतात, मी फेरेटलाही तोच शब्द लावला. एरवी ते मोहरीएवढं असतं, दिसतही नाही. माज आला की भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगतं. अंगाला वास सुटतो. बस्स, एवढंच बघायचं. पण ते न चुकता, हंगामात दर आठवड्याला, प्रत्येक घरी बघायचं.

माझा स्वभाव घाबरट. गॅस बंद केला का बघायला मी जिन्यातून दोनदा परत येते. सासरी यावरून हसतात. मॅडमनी मात्र मला हे काम दिलं तेव्हा म्हणाल्या, "मला अशीच बाई हवी होती."

आणि तो माज येतो कशाने? उजेडाने. थंडी संपून दिवस मोठा व्हायला लागला की मादीला आतून कळतं. आपण संक्रांतीला म्हणतो ना, दिवस तिळातिळाने वाढतो. आपल्यापैकी कुणाला तो तीळ दिसलाय? मला तर नाही. या जनावराला दिसतो. ते डोळ्यांनी तीळ तीळ मोजत बसतं, आणि होळीच्या सुमाराला हिशेब पुरा करून माजावर येतं. म्हणून आता थंडीत आम्ही सगळ्या घरांना सांगतो, संध्याकाळी सहाला पिंजऱ्यावर जाड कापड टाका, सकाळपर्यंत काढू नका. रात्र लांब ठेवली की हंगाम लांबतो.

बंटीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बंटी हा आमच्या दवाखान्यातला नर. त्याची नसबंदी केलेली आहे. म्हणजे तो नराचं सगळं काम करतो, मादीचा माज उतरतो, पण पिल्लं होत नाहीत. ज्या मादीला इंजेक्शन सोसत नाही तिच्याकडे मी त्याला पिशवीत घालून रिक्षाने नेते. आमच्या भाषेत त्याला जावई म्हणतात.

सानपाड्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांची मादी मैना. पहिल्यांदा जावई येणार म्हणून बाईंनी पाट मांडला होता, खोटं नाही सांगत. वर म्हणाल्या, "नवीन नातं आहे, काही गोड करायला हवं होतं का गं?"

"बाई, तो फक्त कोंबडी खातो."

मग मी बंटीला सोडला. फेरेटचा संसार बघवत नाही. नर मादीची मानगूट दातात धरतो आणि फरशीवरून फरफटवतो. मादी किंचाळते. हे तासभर चालतं. बाईंनी आधी डोळे मिटले, मग उघडले, मग भिंतीवरची पट्टी काढली आणि वर्गावर ओरडावं तसं ओरडल्या, "ए! सोड! सोड म्हणते ना तिला!"

मी पट्टी धरली. म्हटलं, "बाई, त्याने सोडलं तर ती मरेल."

"हे काय बोलतेस?"

"त्या धरण्यानेच तिचं बीज सुटतं. हळू धरलं तर सुटत नाही. मीही पहिल्यांदा रडले होते."

बाई पाटावर बसल्या, बंटीसाठी मांडलेल्या. म्हणाल्या, "छत्तीस वर्षं मुलांना निसर्ग शिकवला मी. हे कुणी सांगितलंच नव्हतं." चार दिवसांनी मैनाचा हरभरा पुन्हा मोहरी झाला. बाईंनी मला फोन करून आधी तेवढंच सांगितलं, "मोहरी!" आणि फोन ठेवला.

असे दिवस आले की मला माझाच हेवा वाटतो. आणि मग बायजाआजीची राणी आठवते.

बायजाआजी आमच्या कोपरखैरणे गावातल्या. मूळच्या आगरी, त्यांची शेती गेली, जागेवर चार मजली बिल्डिंग झाली, तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. एकुलता नातू निखिल जहाजावर नोकरीला. राणी त्याची फेरेट. जाताना आजीच्या मांडीवर ठेवून गेला. आजी तिला पहिले दोन महिने मुंगूसच म्हणायच्या, मग राणी म्हणायला लागल्या, मग 'माजी बाय'.

त्या वर्षी निखिल दसऱ्यानंतर गेला. दवाखान्यात तेव्हा कामाची फार धांदल होती, आणि थंडीत फेरेटच्या घरी जायची गरज नसते म्हणून मी त्या फेऱ्या बंद ठेवल्या होत्या. मार्गशीर्षात आजीचा फोन आला.

"अगो वंदे, यीचे अंगाला लय वास येतंय गो. सगला घर भरलाय."

मी म्हटलं, "आजी, फेरेटला वास असतोच. अंथरूण बदला."

"माजावं आली का काय?"

मी हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतं. "होळीच्या आधी येत नाही आजी. मी आहे ना, मी सांगेन तेव्हाच घाबरायचं."

पौषात पुन्हा फोन. "शेपटीचं केस गलतान. उंदराचे शेपटीसारखी झाली बग."

"थंडीचे केस गळतात. अंड्याचा पिवळा बलक द्या."

मी घाबरट बाई. गॅससाठी दोनदा जिना चढणारी. आणि इथे, जिथे घाबरायला हवं होतं, तिथे मला माझ्या ज्ञानाची ऐट आली होती. आठवी शिकलेल्या बाईला कुणी विचारायला लागलं की होतं असं. दुसऱ्याला सांगायची सवय लागते, विचारायची सुटते.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. संध्याकाळी मी दवाखान्यातून निघत होते आणि आजीचा तिसरा फोन आला. या वेळी आवाज बारीक. "वंदे, राणी मागचं पाय वढते. उबी रात नाय."

मी रिक्षाने गेले. दार उघडंच होतं. आजी म्हणाल्या, "गॅलरीन हाय." थंडीत एसी लागत नाही म्हणून त्यांनी पिंजरा काचा लावलेल्या गॅलरीत आणला होता. मी गॅलरीचं दार सरकवलं आणि थांबले.

पिंजऱ्याच्या बरोबर वर, हातभर अंतरावर, आकाशकंदील. मोठी चांदणी, आत शंभराचा पिवळा दिवा. त्या उजेडात राणीची प्रत्येक मिशी मोजता येत होती.

"आजी, हा कंदील केव्हापासून आहे?"

"वसुबारसेपासून."

"रोज?"

"रोज म्हंजे? रात्रंदिस. निखिल बोटीवरनं घरान पाय ठेवंल तवाच काढनार. त्याची सुट्टी दोनदा पुढं गेली बाय. दिवा इझला तर पोराला वाट कशी दिसंल?"

मला सगळं एकदम कळलं. राणीने तीळ मोजलेच नव्हते. तिच्यापुढे दिवाळीपासून रात्रच झाली नव्हती. तिला वाटलं उन्हाळा आला. दिवाळीत कंदील लावला आणि मार्गशीर्षात ती माजावर आली, बरोबर तेव्हा, जेव्हा आजीने मला वास येतो म्हणून सांगितलं आणि मी हसले. मी तिला उलटी केली. हरभरा नाही, त्याच्याहून मोठा. ओठ उचलून हिरड्या बघितल्या. धुतलेल्या फडक्यासारख्या पांढऱ्या. पोटाच्या पातळ कातडीवर जांभळे ठिपके.

आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कंदिलाकडे, मग राणीकडे. त्या शेतात वाढलेल्या बाई, त्यांना फार सांगावं लागत नाही.

"माज्या दिव्यानी झाला का गो?"

हो म्हणणं सोपं होतं. खरंही होतं. त्यात माझी नोकरी वाचत होती, अब्रूही वाचत होती. पण मी म्हटलं, "आजी, दिवा तुमचा होता. पण तुम्ही मला दोनदा फोन केलात. मी आले नाही. उजेडाचं विचारायचं काम माझं होतं."

आजी आत जाऊन नेसूचं एक जुनं लुगडं घेऊन आल्या आणि राणीला त्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "चल. मी बी येते."

मॅडम थांबल्या होत्या. राणीच्या मानेतून थोडं रक्त काढलं, केसाएवढ्या काचेच्या नळीत घालून यंत्रात फिरवलं. नळी थांबली की तांबडं खाली बसतं आणि पिवळं पाणी वर राहतं. धडधाकट फेरेटचं तांबडं नळीच्या निम्म्यापर्यंत येतं. राणीचं तळाशी रेघ ओढावी एवढंच होतं. मॅडमनी नळी मला दाखवली आणि एकच विचारलं, "लाईटचं विचारलंस?"

मी मान खाली घातली. त्या कपाटातून इंजेक्शन काढायला वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माज उतरवायचं इंजेक्शन दिलं, पण ते काम करायला तीन-चार दिवस घेतं. राणीकडे तेवढं रक्त नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "बंटीला आण."

माझ्या बाळंतपणात मला रक्त लागलं होतं. माझ्या गटाचं मिळेना म्हणून नवरा वाशीपासून बेलापूरपर्यंत दिवसभर हिंडला. सख्ख्या दिराचं जुळलं नाही. म्हणून मी विचारलं, "मॅडम, बंटीचं हिला जुळेल?"

"फेरेटमध्ये रक्तगट नसतात वंदना. कुणाचंही कुणालाही चालतं."

मी हातात बंटीला धरून उभी राहिले. हे मला तोवर माहीत नव्हतं. एवढ्याशा जिवाला देवाने मरायचं असं विचित्र कारण दिलं, आणि त्याच्या शेजारीच ही दया ठेवून दिली. सगळी जात एका रक्ताची.

बंटीला थोडी भूल दिली, मानेतून एक सिरिंज रक्त घेतलं. मग ते राणीच्या पायातल्या सुईतून थेंब थेंब सोडायचं. काम माझं. सिरिंजचा दांडा इतका हळू दाबायचा की हलतोय हे आपल्यालाही कळू नये. आजी समोर स्टुलावर बसल्या होत्या. दर थोड्या वेळाने मी राणीचा ओठ उचलायची. पांढरा. पुन्हा दाबायचं. पांढरा. माझा अंगठा बधिर झाला. निम्मी सिरिंज संपली तेव्हा आजी म्हणाल्या, "अगो, जिबली बग."

जीभ किंचित गुलाबी होती. पहाटे पूर्व फटफटते ना, आधी आपल्यालाच भास वाटतो, तेवढी गुलाबी. मॅडमनी चष्मा वर करून बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी आणखी एकदा रक्त द्यावं लागलं, या वेळी मैनाचं. मुख्याध्यापिका बाई स्वतः तिला घेऊन आल्या. मैना टेबलावर चुळबुळ करत होती तर तिला म्हणाल्या, "शहाण्यासारखी बस, दुसऱ्याच्या उपयोगी पडतेयस." पाचव्या दिवशी हरभरा उतरायला लागला. राणी जगली. मागचे पाय ताकदीवर यायला दीड महिना गेला. मधल्या काळात तिला खोटं गाभणपण आलं, ते यांच्यात होतं. घरातले मोजे गोळा करून तिने कपाटाखाली घरटं केलं आणि त्यांच्यावर बसून राहिली. आजीने निखिलचं लहानपणीचं कानटोपडं काढून त्यात ठेवलं. म्हणाल्या, "असू दे. दोगी मिलून वाट बगतू."

राहिला कंदील. मॅडम म्हणाल्या, काढायला सांग. मला तोंड होईना. राणी दवाखान्यातून घरी गेली त्या दिवशी मी आजींकडे बसले, चहा गार केला, शेवटी म्हटलं, "आजी, ते दिव्याचं..."

"ठावं हाय." त्या उठल्या. सहा वाजत आले होते. राणीचा पिंजरा त्यांनी आधीच आतल्या खोलीत नेला होता. त्यावर तेच लुगडं चौघडी करून टाकलं, चारी बाजूंनी खोचलं, वाकून आत फट राहिली का बघितलं. मग गॅलरीत जाऊन बटण दाबून कंदील लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पयली तिची रात. मंग माजा दिवा."

निखिल चैत्रात आला. पुन्हा गेला. यंदाही वसुबारसेला चांदणी लागलीय.

मी आता दसरा झाला की प्रत्येक घरी जाते. कंदील कुठे लावणार, माळा कुठे सोडणार, देव्हाऱ्यात बारीक बल्ब रात्रभर असतो का, समोरच्या दुकानाची पाटी खिडकीतून आत पडते का, सगळं विचारते. सोसायटीतले लोक म्हणतात, वंदनाताई फार टेन्शन घेतात. घेते. आणि कुणाचाही फोन आला तर आधी ऐकते, हसत नाही.

आजीशी माझं एक ठरलंय. सहा वाजता लुगडं टाकलं की त्यांनी मला मिस्ड कॉल द्यायचा. मी उचलायचा नाही, दोनदा वाजून बंद झाला की समजायचं. हे लिहीत बसले होते तर सहा वाजून गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पेन ठेवून मी चपला शोधायला लागले होते.

वाजला. दोनदा. बंद झाला.